दोरीचं दुसरं टोक

बक स्टिडमची गाडी क्लबच्या दारात उभी दिसली, की वेंडेल क्राउचच्या तोंडाची चव जायची. गाडी कसली, चाकांवरचं घरच ते. आत चढायला पायरी लागायची. आणि मागच्या नंबरपाटीवर, साऱ्या हार्लो क्रीक गावाला वाचता यावं असं छापलेलं: 'अपंग सैनिक'. हा अपंग सैनिक दर शनिवारी त्याच गाडीमागे मोटरबोट जोडून तळ्यावर मासे धरायला जायचा, बोट स्वतःच्या हातांनी पाण्यात ढकलायचा, आणि परत आला की कंबर धरून, कण्हत, माजी सैनिकांच्या क्लबात स्टुलावर चढून बसायचा. गावातली पोरं इराकमध्ये होती तेव्हा हा जर्मनीतल्या एका गोदामात बूट आणि ब्लँकेटं मोजत होता. पेन्शन मात्र अशी, की पाय गमावून आलेल्यानंही हेवा करावा.

बकला झोपेचा आजार होता म्हणे. झोपेत श्वास अडकायचा. वेंडेलचा फौजेतला सोबती टीग, त्यानं या पेन्शनीला नाव ठेवलं होतं, 'घोरण्याची पेन्शन'.

"माझा कुत्रापण घोरायला लागलाय," टीग बिअरचा घोट घेत म्हणायचा. "त्याचा अर्ज भरून देतोस का, बक?"

"कुत्रा कुठल्या पलटणीतला?" वेंडेल गंभीर चेहऱ्यानं विचारायचा.

"जर्मनीतला. गोदाम राखायला होता."

साऱ्या क्लबात हशा पिकायचा. बकही हसायचा. त्याला लाज नावाची गोष्ट जन्मतःच दिलेली नव्हती. "हसा, लेको, हसा," तो बरणीतलं खारवलेलं अंडं काढून तोंडात टाकत म्हणायचा. "एक दिवस माझ्याच दारात याल."

वेंडेल आणि टीग एकाच गावचे, एकाच कंपनीतले. बंद पडलेले रणगाडे ओढून आणणारी एक अवजड गाडी असते, इराकमध्ये ती या दोघांकडे होती. वेंडेल सार्जंट, टीग चालक, आणि साखळ्या लावायला तिसरा रँडल पिकेन्स. कालव्याचा बांध खचला, गाडी पाण्यात गेली, आणि तिघांतले दोघेच घरी आले. क्लबच्या कोपऱ्यात रँडलचा फोटो होता. फोटोखाली, परत न आलेल्यासाठी मांडलेलं एक लहानसं टेबल, पांढऱ्या कापडाचं, त्यावर उपडा ग्लास, बशीत लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ. खुर्ची रिकामी. त्या खुर्चीवर कुणी बसत नसे. दारू कितीही चढली तरी एवढं भान साऱ्यांना असायचं.

तर असा हा वेंडेल. दुसऱ्याच्या आजाराला हसण्यात त्याची वर्षं मजेत गेली. मग त्याच्यावर वेळ आली.

तो शाळेची बस चालवायचा. रेल्वेचे रूळ आले की शाळेच्या बसनं थांबायचं, दार उघडायचं, गाडी येत नाहीये ना याचा कानोसा घ्यायचा आणि मगच पुढं जायचं, असा नियम आहे. त्या सकाळी वेंडेल थांबला. दार उघडलं. कानोसा घ्यायला मान कलती केली आणि तसाच झोपला. पोरांना आधी गंमत वाटली. मग मालगाडी धडधडत समोरून गेली तरी तो हलेना, तेव्हा एका मुलीनं पुढं येऊन दोन्ही हातांनी भोंगा दाबला. वेंडेल दचकून ओरडला, "पिकेन्स, साखळी सोड!" आणि मागं वळून पाहिलं तर बसभर लेकरं, काही रडत होती.

कुणी त्याला दोष दिला नाही. किल्ल्या मात्र घेतल्या.

इस्पितळात अंगभर तारा लावून त्याला झोपवलं. डॉक्टर म्हणाले, झोपेत तुझा घसा मिटतो, श्वास थांबतो, पुन्हा पुन्हा. हे काल-परवाचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. नाकाला लावायचं, सोंडेसारख्या नळीचं एक यंत्र दिलं. त्या सोंडेनं रात्री बरं वाटायचं, पण बस काही परत मिळणार नव्हती.

घर आता डार्लाच्या पगारावर चालायचं. डार्ला कोंबड्यांच्या कारखान्यात होती. पट्ट्यावरून गारढोण कोंबडी येते, सुरी घालून हाड वेगळं करायचं, पुढची येते. बारा महिने तेरा काळ तेच. सकाळी तिच्या हातांची मूठ उघडत नसे. वेंडेल पातेल्यात कोमट पाणी घ्यायचा, तिचे हात त्यात धरायचा आणि एकेक बोट हळूहळू सरळ करायचा. कारखान्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, काम सोडलं नाहीस तर ही बोटं अशीच राहतील. आणि घरी बसलेला धडधाकट दिसणारा नवरा पातेलं धरून बसायचा. खायला काळ, भुईला भार. वेंडेलला आरशाकडं पाहवत नसे.

म्हणून त्यानं अर्ज केला. घोरण्याच्या पेन्शनचा.

सरकारी तपासणीला गेला तेव्हा दाढी घोटलेली, बूट चकचकीत. टेबलामागच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कसं काय वाटतंय आज?"

"एकदम झकास, मॅडम!" वेंडेल ताठ बसून म्हणाला.

"झोप कशी लागते?"

"तक्रार नाही, मॅडम."

बाईंनी लिहून घेतलं. दुसरं त्यांनी तरी काय करावं? फौजेत दिवस काढलेल्या माणसाला 'कसा आहेस' विचारलं की तोंडातून हेच बाहेर पडतं, पाय तुटून हातात आलेला असला तरी. आजाऱ्यांच्या रांगेत उभा राहणाऱ्याला त्याच्या कंपनीत 'नवरी' म्हणत, आणि हाक मारणाऱ्यांत वेंडेलचा आवाज सगळ्यांत मोठा. सार्जंटच नवरी कशी होणार? तेव्हा फौजेच्या दप्तरात त्याच्या झोपेबद्दल अवाक्षर नव्हतं. अर्ज फेटाळला गेला. आजार नोकरीत असताना सुरू झाला याला पुरावा नाही, आणि अर्जदार स्वतःच ठणठणीत असल्याचं सांगतो.

"काय सांगितलंस तू त्या बाईला?" डार्लानं विचारलं.

"तिनं विचारलं, कसा आहेस."

"मग?"

"झकास म्हणालो."

डार्ला दोन्ही आखडलेले हात त्याच्यापुढं धरून म्हणाली, "पुढच्या वेळी हे घेऊन जा बरोबर. यांना तुझ्यासारखं बोलता येत नाही."

पुन्हा अर्ज करता येत होता. तालुक्याच्या कचेरीत अशा कामांना मदत करणारा एक भला म्हातारा बसायचा. तो म्हणाला, "दप्तरात नसू दे. साक्षीदार आण. तेव्हा तुझ्याजवळ झोपणारा कुणीतरी असेलच ना? त्यानं लिहून द्यावं, मी पाहिलंय याचा श्वास थांबताना. बस्स."

वेंडेल हसतच बाहेर आला. त्याच्याजवळ नुसता पाहणारा नव्हता, त्याला वाचवणारा होता.

टीगचा धंदा संडासाच्या टाक्या उपसायचा. वेंडेल गेला तेव्हा तो चर्चच्या मागच्या टाकीत जाडजूड नळी सोडून उभा होता आणि गाडीवरचा पंप घरघरत होता. वास असा, की डोळ्यांतून पाणी यावं.

"तोंडानं श्वास घे," टीग ओरडला. "म्हणजे, येत असेल तर!"

वेंडेलनं ताकाला जाऊन भांडं लपवलं. मासे कसे लागताहेत, यंदा शाळेचा फुटबॉलचा संघ कसा भिकार आहे, असलं काहीबाही बोलला. टीग नळी हलवत ऐकत राहिला. शेवटी वेंडेलनं सांगितलं.

"नाही लिहिणार," टीग म्हणाला.

"का रे? मी बक आहे का? मला या सगळ्याची किळस येते, तुला ठाऊक आहे. हातात अर्ज धरला तरी हात धुवावेसे वाटतात. पण डार्लाची बोटं बघ एकदा येऊन!"

"तुझं खोटं आहे असं कुठं म्हणालो मी?"

"मग लिही ना! पॅराशूटची दोरी, एक टोक माझ्या पायाला, दुसरं तुझ्या हातात. माझा श्वास थांबला की तू हिसडा मारायचास. वर्षभर, टीग! एक रात्र चुकवली नाहीस तू. नसतास तर तिथंच खलास होतो मी. एवढंच लिही. दोन ओळी."

टीगनं पंप बंद केला. एवढ्या घरघरीनंतरची शांतता कानाला टोचली.

"एक रात्र चुकवली नाही," तो म्हणाला. "मग मी झोपायचो कधी, वेंडेल?"

इतक्या वर्षांत वेंडेलला हा प्रश्न पडलाच नव्हता. दोघंच असताना दोरीची गोष्ट त्यानं टीगपाशी कितीदा काढली होती, पण तिचं एकच टोक त्याला ठाऊक होतं, पायाला बांधलेलं.

"बांध खचला नव्हता," टीग हातमोजे काढत म्हणाला. "चांगला दगडी होता बांध. मी झोपलो. गाडी वळवायचा दांडा हातात धरून, उघड्या डोळ्यांनी झोपलो. जाग आली तेव्हा गुडघाभर पाणी. तू आत घोरत होतास. रँडल वर साखळ्यांवर बसला होता. गाडी त्याच्यावरच उलटली. साहेबानं विचारलं, बांध खचला का रे? मी म्हटलं, हो साहेब."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुझा श्वास मोजता मोजता त्याचा गेला, असं?"

वेंडेलला राग आला. मग ज्याच्यावर राग यावा असं समोर कुणी दिसेना. "दोरीपुरतं लिही," तो हलक्या आवाजात म्हणाला. "बाकीचं कशाला?"

"खाली सही करायची असते ना, की वर लिहिलंय ते सगळं सत्य आहे. अर्धं लिहून सही करू? आणि तिथला एखादा कारकून शहाणा निघाला, त्यानं मला हेच विचारलं, मग तू झोपायचास कधी? मी परत 'हो साहेब' म्हणू?" टीगनं चर्चच्या भिंतीकडं मान केली. "रँडलची आई दर रविवारी तिथं माझ्या शेजारी बसते. तिच्या गुडघ्यांना त्रास होतो म्हणून मी तिला हात धरून उठवतो. मला एकदा खोटं बोलता आलं, वेंडेल. दुसऱ्यांदा नाही जमायचं, आणि खरं बोलणं तर त्याहून नाही."

वेंडेल कुंपणापाशी गेला आणि पोटात होतं नव्हतं ते ओकून टाकलं. टाकीच्या वासानं नव्हे. हा माणूस आपल्या शेजारच्या स्टुलावर बसून आपल्याबरोबर हसत होता, आणि आपण दर खेपेला हळूच दोरीची गोष्ट काढून त्याच्या पाठीवर थाप मारत होतो, या विचारानं.

"सांगितलं होतं," मागून टीग म्हणाला, "तोंडानं श्वास घे म्हणून."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. पुढच्या आठवड्यात भर दुपारी वेंडेल क्लबात गेला आणि बकच्या शेजारी बसला.

बकनं 'मी म्हणालो नव्हतो?' असं एकदाही म्हटलं नाही. ते तरी म्हटलं असतं तर बरं, असं वेंडेलला वाटलं. बक खराखुरा खूष झाला होता. त्यानं वेंडेलच्या खांद्यावर हात टाकला, गाडीतून कागद आणले, आणि काउंटर ओला म्हणून ते रँडलच्या टेबलावर पसरले. लिंबाची बशी त्यानं कोपरानं बाजूला सारली.

"तिथं नको," वेंडेल म्हणाला.

"का? तो काय जेवायला येणार आहे?" बकनं त्या रिकाम्या खुर्चीत बैठक मारली. "हां, बोल. मी महिनाभर तुमच्या तळावर सामान पोचवायला आलो होतो, तुझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचो, असं लिहितो. कोण तपासतंय! पण त्यात एक काहीतरी खरं घाल, सार्जंट. खोट्याला थोडं मीठ लागतं, नाहीतर ते अळणी लागतं."

काउंटरच्या टोकाला, पाठमोरा, टीग बसला होता. नेहमीची बिअर, नेहमीची टोपी. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. वेंडेलच्या डोळ्यांसमोर पातेल्यातले हात आले. मग तो बोलला.

"दोरी होती," तो म्हणाला.

"दोरी?"

वेंडेलनं सांगितलं. त्याच्याकडची एवढी एकच चांगली वस्तू होती, ती त्यानं बकच्या हवाली केली. सांगताना त्याला असं वाटत होतं की आपण भर रस्त्यात कपडे काढतो आहोत आणि बक ते एकेक घडी घालून पिशवीत भरतो आहे.

"अरे, सोनं आहे हे!" बक मांडीवर थाप मारून म्हणाला. "हे इतके दिवस लपवून ठेवलंस? 'मी रोज रात्री जागून सार्जंट क्राउचच्या मनगटाला बांधलेली दोरी...'"

"अंगठ्याला," टीग म्हणाला.

त्यानं मान वळवली नव्हती. बकनं पेन उचललं. "काय?"

"पायाच्या अंगठ्याला. डाव्या. मनगटाला बांधली तर झोपेत हात हलून गाठ सुटते."

"तुला रे काय ठाऊक?"

"साऱ्या कंपनीला ठाऊक होतं," टीग म्हणाला. त्यानं काउंटरवर पैसे ठेवले, अर्धी बिअर तशीच सोडली आणि निघाला. दाराकडं जाताना रँडलच्या टेबलापाशी थांबून त्यानं लिंबाची बशी पुन्हा मधोमध ठेवली, बकच्या कागदांवरच. बक कागद ओला झाला म्हणून कुरकुरला. वेंडेलनं टीगच्या पाठीकडं पाहिलं.

बकनं लिहिलं: डाव्या पायाच्या अंगठ्याला.

अर्ज मंजूर झाला. दोरीमुळंच झाला असावा. असलं कुणाला रचून सुचत नाही, असं तिथल्या बाबूंना वाटलं असेल, आणि त्यांचं बरोबरच होतं. डार्लानं कारखाना सोडला. बोटं पुरती सरळ झाली नाहीत, पण सकाळी कप धरता यायला लागला. ती ज्या दिवशी स्वतःच्या हातानं केसांना फणी लावताना दिसली, त्या दिवशी वेंडेल न्हाणीघरात जाऊन रडला. ते रडणं आनंदाचंच होतं. पण आनंदाला एक वास येत होता, टाकीपाशी आला होता तसा, आणि तो धुवून जात नव्हता.

शुक्रवारी क्लबात तळलेल्या माशांचं जेवण असतं. सारा गाव येतो. त्या शुक्रवारी रँडलची आई, साऱ्यांची 'मिस ओपल', तीही आली. टीगनं तिला हात धरून आणलं आणि लांब टेबलाशी आपल्या शेजारी बसवलं. वेंडेल आणि डार्ला समोरच होते. टीग आता वेंडेलशी बोलायचा, पण मीठ दे, सॉस दे, एवढंच.

बकच्या तीन बिअर झाल्या होत्या. ताट घेऊन तो मधोमध बसला आणि त्यानं दोरीची गोष्ट काढली. हल्ली तो ती सगळीकडं सांगायचा. पेन्शनीच्या कागदापुरती उसनी घेतलेली वस्तू त्यानं परत केलीच नव्हती. रात्रीची थंडी, रणगाड्यांचा धुराळा, अंधारात कान लावून ऐकणं, सगळं त्यात आलं होतं. वेंडेलला सर्वांत जास्त शिसारी कशाची आली असेल तर ते सांगताना बकच्या डोळ्यांत येणाऱ्या पाण्याची. ते खरं होतं. बकला आता खरोखरच आठवत होतं.

"...आणि मी हिसडा मारायचो, मिस ओपल," तो रँडलच्या आईकडं वळून म्हणाला. "आणि हा सार्जंट भस्सकन श्वास घ्यायचा. रोज. एक रात्र चुकवली नाही मी."

मिस ओपलनं हातातला पावाचा तुकडा खाली ठेवला. "मग तू झोपायचास कधी रे, लेकरा?"

टेबलाच्या दोन बाजूंना टीगचा आणि वेंडेलचा काटा एकदमच थांबला.

"मी?" बक म्हणाला. "दिवसा. जमेल तशी डुलकी काढायचो. त्याचं काय एवढं!"

एवढं सोपं होतं ते. एक शब्द.

म्हातारीनं टेबलावरून हात पुढं केले आणि बकचा तळलेल्या तेलानं माखलेला हात दोन्ही हातांत धरला. तिचे डोळे भरून आले होते. "देव तुझं भलं करो," ती म्हणाली. "माझ्या रँडलच्या गाडीवर तुझ्यासारखा एखादा जागता माणूस असता, तर आज तोही इथं मासे खात असता."

कुणीतरी 'आमेन' म्हणालं. टीग खाली मान घालून मासा काट्यांसकट चावत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

वेंडेलच्या तोंडात घास होता. तो आत जाईना. थुंकावा, उभं राहावं, बकच्या हातातून त्या म्हातारीचे हात ओढून काढावेत आणि सांगावं, तो हा बघ, जागणारा हा तुझ्या शेजारी बसलाय, असं त्याला वाटलं. पण जागणाऱ्याचं नाव घेतलं की झोपलेल्याचंही घ्यावं लागलं असतं, आणि दोन्ही नावं एकाच माणसाची होती. तिसरं, ज्याच्या श्वासासाठी तो जागला त्याचं, वेंडेलचं स्वतःचं.

"काय झालं?" डार्लानं हळूच विचारलं. तिनं पाण्याचा पेला उचलला, बोटं थोडी थरथरली, पण पेला सांडला नाही, आणि तो तिनं त्याच्यापुढं धरला.

"काही नाही. झकास," वेंडेल म्हणाला, आणि पाण्याबरोबर तो घास त्यानं गिळून टाकला.